यात्रेचे भिंग आणि प्रसंगाचे भिंग

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा आली की शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. अंधेरी, मालाड, घाटकोपर, मुलुंड येथील घरांत संघयात्रेच्या तारखा, रेल्वेची आरक्षणे आणि धर्मशाळेच्या खोल्या यांची जुळवाजुळव होऊ लागते. अलीकडे या तयारीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. घरातील मुलाने किंवा सुनेने हौसेने चांगला कॅमेरा घेतलेला असतो. त्याच्यासोबत आलेली छोटी लेन्स आता अपुरी वाटू लागते आणि यात्रेपूर्वी मोठी लेन्स घ्यावी, असा विचार घरात सुरू होतो. दुकानात गेल्यावर मात्र दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, २४ ते २०० मिलिमीटरची एकच प्रवासी झूम घ्या, दुसरे काही लागणार नाही. दुसरा म्हणतो, घ्यायचीच तर एफ/२.८ ची व्यावसायिक झूम घ्या, एकदाच काय ते होऊन जाऊ द्या. या दोहोंच्या किमतींत मोठे अंतर असते आणि व्यावसायिक झूम एक घेऊन भागत नाही, जवळची आणि लांबची अशा दोन घ्याव्या लागतात.

व्यापारी घराला मोठ्या रकमेची भीती नसते. चुकीच्या जागी अडकलेल्या रकमेची असते. दुकानात माल भरताना जो प्रश्न विचारला जातो, तोच येथेही विचारायला हवा: हा माल किती दिवसांत फिरेल? लेन्सच्या बाबतीत त्याच प्रश्नाचे रूप असे होते: ही लेन्स वर्षातून किती दिवस आणि कोणत्या उजेडात काम करणार? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाले की निवड बरीचशी आपोआप होते, आणि ती बहुतेकांच्या समजुतीच्या उलट होते.

दोन लेन्सचे दोन स्वभाव

झूम लेन्स ही तशी फार जुनी वस्तू नाही. ३५ मिमी फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम १९५९ साली बाजारात आली. फोग्टलँडर या कंपनीच्या त्या ‘झूमार’ लेन्सचा पल्ला केवळ ३६ ते ८२ मिमी होता. पुढे १९९२ मध्ये जपानच्या टॅम्रॉन कंपनीने २८ ते २०० मिमीचा पल्ला एका आटोपशीर लेन्समध्ये बसवला आणि आजच्या प्रवासी झूमचा काळ सुरू झाला.

पल्ल्याचे आकडे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा घेऊन ३० मीटर अंतरावर उभे राहिले, तर २४ मिमीवर सुमारे ४५ मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते. ७० मिमीवर सुमारे १५ मीटर, आणि २०० मिमीवर जेमतेम साडेपाच मीटर. म्हणजे एकाच जागी उभे राहून संपूर्ण मंडपही टिपता येतो आणि व्यासपीठावरील दोन-तीन व्यक्तीही. प्रवासी झूम हे सारे एका नळीत देते. व्यावसायिक झूम मात्र हाच पल्ला दोन तुकड्यांत विभागते: २४-७० आणि ७०-२००.

मग व्यावसायिक झूमचे वेगळेपण कशात आहे? मुख्यतः उजेडात. लेन्सच्या आतील छिद्र, ज्याला अ‍ॅपर्चर म्हणतात, त्याचा आकार ‘एफ’ या आकड्याने सांगतात. हा आकडा म्हणजे भागाकार आहे: लेन्सचा पल्ला भागिले छिद्राचा व्यास. २०० मिमीवर एफ/२.८ हवे असेल, तर छिद्र सुमारे ७१ मिमी व्यासाचे लागते, एफ/६.३ चालणार असेल, तर ३२ मिमी पुरते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिल्या छिद्रातून दुसऱ्याच्या पाचपट उजेड आत येतो. एवढ्या मोठ्या छिद्रासाठी मोठी आणि जाड काच लागते, आणि ती काटेकोरपणे घासलेली असावी लागते. किंमत आणि वजन, दोन्ही तेथेच वाढतात.

वजनाचे आकडे बोलके आहेत. निकॉनची २४-२०० मिमीची प्रवासी झूम ५७० ग्रॅमची आहे. त्याच कंपनीची २०१९ मधील २४-७० एफ/२.८ झूम ८०५ ग्रॅमची, तर ७०-२०० एफ/२.८ झूम तिपाईचा पट्टा सोडून १३६० ग्रॅमची आहे. म्हणजे तोच पल्ला व्यावसायिक जोडीने गाठायचा तर दोन किलोहून अधिक काच खांद्यावर घ्यावी लागते. इतर कंपन्यांतही चित्र थोड्याफार फरकाने असेच आहे.

डोंगरावरचा हिशेब

आता या दोन्ही लेन्स यात्रेच्या वाटेवर नेऊन पाहू. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. पहाटे चढायला सुरुवात करायची, वर अन्न घ्यायचे नाही आणि सायंकाळपूर्वी खाली यायचे, कारण डोंगरावर रात्री कोणीही राहत नाही. म्हणजेच तेथील बहुतेक सर्व छायाचित्रण दिवसाच्या उघड्या उजेडात होते. अशा उजेडात छायाचित्रकार छिद्र स्वतःच एफ/८ पर्यंत लहान करतो. मग एफ/२.८ साठी मोजलेले पैसे पिशवीतच राहतात, आणि खांद्यावर येते ते केवळ वजन. नव्व्याण्णव यात्रा करणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने दीड किलोचा हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको.

श्रवणबेळगोळचे उदाहरण याहूनही बोलके आहे. विंध्यगिरीवरील गोमटेश्वराची एकाच पाषाणातील मूर्ती ५७ फुटांची आहे. दर बारा वर्षांनी होणारा महामस्तकाभिषेक २००६ मध्ये झाला, त्यानंतर २०१८ मध्ये. दूध, उसाचा रस, हळद, चंदन यांच्या धारा मस्तकावरून चरणांपर्यंत येतात. ३० मीटर अंतरावरून संपूर्ण मूर्ती उभ्या चौकटीत घ्यायला सुमारे ६० मिमी लागतात, आणि माथ्यावर कलश रिता करणारे हात टिपायला २०० मिमी. धार काही कोणासाठी थांबत नाही. व्यावसायिक जोडी घेऊन गेलेल्याला या दोन दृश्यांच्या मधे लेन्स बदलावी लागते, आणि तीही गर्दीत, हवेत हळदीचा आणि दुधाचा तुषार असताना. उघड्या पडलेल्या सेन्सरवर बसलेला कण नंतरच्या प्रत्येक छायाचित्रात ठिपका होऊन दिसतो. प्रवासी झूमवाला मनगट फिरवतो आणि मोकळा होतो.

“पण मंदिरे आतून अंधारी असतात, तेथे मोठ्या छिद्राचीच लेन्स लागेल,” हा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो. तो जैन यात्रेकरूला फारसा लागू पडत नाही. देलवाड्याच्या मंदिरांत आत छायाचित्रणाला मनाई आहे, आणि अनेक देरासरांत मूलनायकाचे छायाचित्र न घेण्याची मर्यादा पाळली जाते. जेथे कॅमेरा बाहेर ठेवायचा आहे, तेथील अंधारासाठी लाखाची लेन्स घेण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याचा पट्टा किंवा पिशवी कातडी नसावी, याकडे लक्ष देणे मात्र अधिक अगत्याचे आहे. सुती किंवा नायलॉनचे पट्टे सहज मिळतात.

जेथे परवानगी असते, उदाहरणार्थ वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत, तेथेही अंधार हा एकटा शत्रू नसतो. इंद्रसभेतील शिल्प हलत नाही. लेन्समधील कंपन-नियंत्रणाच्या जोरावर सेकंदाच्या दहाव्या भागाइतके सावकाश छायाचित्र घेतले, तरी ते स्पष्ट येऊ शकते. एफ/४ ते ६.३ ची साधी लेन्स तेथे पुरते. म्हणून व्यावसायिक झूमची खरी गरज कोठे निर्माण होते, हे एका वाक्यात सांगायचे तर, अंधार आणि हालचाल एकत्र येतात तेथे.

मंडपातील एक क्षण

असा प्रसंग जैन घरात येतोच. वर्षीतपाचे पारणे हे त्याचे सर्वांत हृद्य उदाहरण. सुमारे तेरा महिने एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणे, असे तप घरातील एखादी आजी किंवा आई पूर्ण करते आणि अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसाने पारणे होते. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमारांनी हस्तिनापुरात दिलेल्या पहिल्या आहाराची ती स्मृती असते. मंडपात रंगीत कापडाखाली मंद उजेड असतो, माणसे दाटीने उभी असतात. नातवाच्या हातातील पात्र पुढे येते, आजीच्या ओठांना लागते आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते दोन-तीन सेकंदांत सरते. पुन्हा तो क्षण हवा असेल, तर पुन्हा एक वर्ष तप करावे लागेल, आणि वयाच्या सत्तरीनंतर ते होईलच असे नाही.

दीक्षेच्या प्रसंगी तर याहून अधिक. मुमुक्षूच्या हाती रजोहरण येते आणि तो किंवा ती आनंदाने नाचू लागते. त्यानंतर त्या घराचे मूल संघाचे होते. आई-वडिलांकडे उरते ती स्मृती आणि, जमल्यास, एक छायाचित्र.

अन्य समाजांतील छायाचित्रकार अशा वेळी फ्लॅश वापरून मोकळा होतो. येथे तो मार्ग बहुधा बंद असतो. विद्युत-प्रकाश हा तेउकायाच्या विराधनेशी जोडला जात असल्याने अनेक साधु-साध्वींच्या सान्निध्यात फ्लॅश चालत नाही. आणि तसा निषेध नसला, तरी तपस्विनीच्या डोळ्यांवर वारंवार लखलखाट करणे शोभत नाही. जो उजेड आहे, त्याच्यातच काम भागवावे लागते. मग उजेड वाढवता येत नसेल, तर तो अधिक घेऊ शकणारे भिंगच हवे.

आकड्यांत पाहू. समजा, अशा मंडपात एफ/२.८ वर आयएसओ ३२०० ठेवून सेकंदाचा दोनशेवा भाग इतका शटर-वेग मिळतो. एफ/६.३ ची प्रवासी झूम लावली, तर तोच उजेड जमवायला शटर पाचपट वेळ, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग, उघडे ठेवावे लागते. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलणारा हात दोनशेव्या भागात अडीच मिलिमीटर सरकतो आणि चाळिसाव्या भागात सव्वा सेंटिमीटर. छायाचित्रात हात आणि पात्र पुसट होतात. शटर-वेग तोच ठेवायचा तर आयएसओ १६,००० पर्यंत चढवावा लागतो आणि चेहऱ्यावर रवा दिसू लागतो. आधुनिक सेन्सर आणि संगणकीय सफाई यांमुळे हा रवा पूर्वीइतका त्रासदायक राहिलेला नाही, तरी फरक उरतोच. “लेन्समध्ये कंपन-नियंत्रण आहे,” असे विक्रेता सांगेल. ते खरे आहे, पण ते छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, आजीचा नाही.

दोन्हींच्या मधली एक जातही आहे: एफ/४ ची झूम. निकॉनची २४-१२० एफ/४ ही ६३० ग्रॅमची लेन्स तिचे एक उदाहरण. ती एफ/२.८ च्या निम्मा उजेड घेते, एफ/६.३ च्या अडीचपट. ज्या घराला एकाच लेन्सवर सर्व भागवायचे आहे आणि २०० मिमीचा लांब पल्ला सोडण्याची तयारी आहे, त्याने तिचा विचार जरूर करावा. आणखी एक सूचना: कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा असेल, तर २४-७० ही लेन्स व्यवहारात ३६-१०५ सारखी वागते. घरातील अरुंद खोलीत सारे कुटुंब चौकटीत बसत नाही. अशा कॅमेऱ्यासाठी त्याच्याच मापाची, १६ किंवा १८ मिमीपासून सुरू होणारी लेन्स घ्यावी.

पेढीवरचा गैरसमज

व्यापारी घरांत तिसरे एक कारण पुढे येते: “घरालाही होईल आणि मालाचे फोटो काढायलाही होईल.” अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये रत्ने आणि दागिन्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र आहे. या धंद्याशी संबंधित अनेक कुटुंबे पश्चिम उपनगरांत राहतात. आज दागिना ग्राहकाला आधी पडद्यावर दिसतो, म्हणून चांगल्या छायाचित्राची गरज खरीच आहे. पण त्यासाठी एफ/२.८ ची झूम हे उत्तर नव्हे.

अंगठीचे छायाचित्र तिपाईवर कॅमेरा ठेवून, दिवे लावून घेतले जाते. खड्यापासून कड्यापर्यंत सर्व भाग स्पष्ट दिसावा म्हणून छिद्र मुद्दाम लहान, एफ/११ च्या आसपास, ठेवतात. म्हणजे ज्या मोठ्या छिद्राची किंमत मोजली, तेच येथे बंद करून ठेवावे लागते. शिवाय जवळून टिपण्याची क्षमताही पाहावी. निकॉनची वर उल्लेखलेली २४-७० एफ/२.८ लेन्स वस्तूची प्रतिमा सेन्सरवर जास्तीत जास्त ०.२२ पट उमटवते. तिची प्रवासी बहीण २४-२०० हीच प्रतिमा ०.२८ पट उमटवते. दोन सेंटिमीटर रुंदीची अंगठी पहिलीवर ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरचे साडेचार मिलिमीटरही व्यापत नाही. याच कामासाठी बनलेली ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स ती पूर्ण आकारात, म्हणजे २० मिलिमीटर उमटवते, आणि किमतीनेही ती व्यावसायिक झूमपेक्षा सहसा बरीच कमी असते. पेढीसाठी घ्यायची असेल तर ती घ्यावी.

व्यवसायासाठी घेतलेली वस्तू खरोखरच व्यवसायात वापरली जात असेल, तर तिची नोंद पेढीच्या वह्यांत योग्य रीतीने करता येते. प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा मिळतो. त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट नियमित करदात्याला मिळू शकते. मात्र ते घेतले, तर कराच्या तेवढ्या रकमेवर घसारा मागता येत नाही. यात्रेसाठी आणि घरच्या लग्नासाठी घेतलेली लेन्स पेढीच्या नावावर दाखवणे हा हिशेब नव्हे. खासगी उपभोगाच्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही, आणि अचौर्य हे पाच अणुव्रतांपैकी एक आहे, याचे स्मरण वही लिहितानाही असावे.

अंधेरीचा धडा

मग पारण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांसाठी काय करावे? उत्तर अंधेरीच्या रस्त्यांवरच आहे. या उपनगराला चित्रपटव्यवसायाचा मोठा इतिहास आहे. येथील मोहन स्टुडिओत ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०) शीशमहाल उभा राहिला होता, फिल्मालय, नटराज हे स्टुडिओही अंधेरीतलेच. आज स्टुडिओंच्या जागी इमारती आल्या, तरी मालिका, जाहिराती आणि चित्रपट यांचे काम अंधेरी पश्चिम आणि वर्सोवा परिसरात चालूच आहे. या धंद्याची एक रीत आहे: कॅमेरा आणि भिंगे सहसा विकत घेतली जात नाहीत, दिवसाच्या भाड्याने आणली जातात. अमेरिकेतील पॅनाव्हिजन या विख्यात कंपनीची चित्रपटीय भिंगे तर विकत मिळतच नाहीत. ती फक्त भाड्यानेच दिली जातात. ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग भिंगावर चालतो, ते ते भाड्याने घेतात; आणि ज्यांना वर्षातून चार दिवस ते लागते, ते विकत घेतात, ही गंमतच म्हणायची.

अंधेरीत साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सही भाड्याने देणारी दुकाने आहेत. विकत की भाड्याने, याचा हिशेब करण्याची रीत सोपी आहे. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील प्रत्यक्ष दर त्यांच्या जागी घालावेत.

समजा, व्यावसायिक झूमची किंमत २,००,००० रुपये आहे आणि पाच वर्षांनी ती १,००,००० रुपयांना विकली जाईल. म्हणजे दरवर्षी मूल्य २०,००० रुपयांनी घटते. अडकलेल्या रकमेवर ७ टक्क्यांनी मिळू शकणारे व्याज १४,००० रुपये. विमा आणि देखभाल ३,५०० रुपये. एकूण वार्षिक खर्च ३७,५०० रुपये. दिवसाचे भाडे १,५०० रुपये धरले, तर ही रक्कम २५ दिवसांच्या भाड्याइतकी होते. वर्षात २५ दिवसांपेक्षा अधिक वापर असेल तर विकत घेणे योग्य. कमी असेल तर भाडे योग्य. पारणे, एखादे लग्न, देरासराचा वर्षगाठीचा ध्वजारोहण-सोहळा आणि महावीर जन्मकल्याणकाचा सांस्कृतिक कार्यक्रम मिळून पाच दिवस होतात असे धरले, तर भाडे ७,५०० रुपये पडते. म्हणजे विकत घेणारे घर दरवर्षी ३०,००० रुपये केवळ मालकीच्या समाधानासाठी देत असते.

प्रवासी झूमचा हिशेब याच पद्धतीने मांडला की उलटा येतो. ती यात्रेत दहा-बारा दिवस सलग लागते, शिवाय मुलांची शाळा, सहल, रविवारची फेरी यांतही सोबत येते. किंमत ८०,००० रुपये आणि वार्षिक खर्च १५,००० रुपये धरला आणि वापर ३० दिवस झाला, तर दिवसाला ५०० रुपये पडतात. परमुलखात भाड्याची वस्तू सांभाळण्याची चिंताही नसते. मात्र ज्या घरात यात्रेखेरीज कॅमेरा बाहेरच निघत नाही, त्याने तीही भाड्यानेच आणावी. नियम दोघींनाही एकच.

भाड्याने आणताना बँकेच्या तिजोरीसारखी शिस्त पाळावी. अनामत रक्कम आणि ओळखपत्राच्या प्रतीची पावती घ्यावी. प्रतीवर कशासाठी दिली ते लिहावे. ताब्यात घेतानाच भिंगावर टॉर्चचा उजेड टाकून ओरखडे आणि बुरशी पाहावी आणि दुकानदारासमोरच त्याची छायाचित्रे घ्यावीत. वस्तू प्रसंगाच्या आदल्या दिवशी आणावी आणि संध्याकाळी घरातच, दिवे मंद करून, हालत्या माणसांवर सराव करावा. नवखी जड लेन्स पहिल्यांदा पारण्याच्या मंडपातच हाताळणे धोक्याचे आहे.

पडून राहिलेली काच

मालकीचा आणखी एक खर्च मुंबईत विशेष आहे. पावसाळ्यातील दमट हवेत बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू काचेवर पसरतात, काचेचा लेप खातात आणि एकदा खोलवर गेले की सफाई करूनही डाग राहतो. वापरात असलेली, हवा आणि उजेड मिळणारी लेन्स त्या मानाने सुरक्षित असते. व्यापारात पडून राहिलेला माल भाव गमावतो. येथे तो अक्षरशः कुजतो.

जैन घराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात पापड, लोणची, पिठे यांवर बुरशी धरू नये म्हणून जी जयणा पाळली जाते, तीच येथे पाळावी. बुरशी धरल्यावर ती पुसणे म्हणजे विराधना. ती धरूच न देणे हा विवेक. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा; काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. लेन्स कातडी पेटीत किंवा कापडात गुंडाळून ठेवू नये. दोन्ही ओल धरतात. जेवढ्या लेन्स, तेवढी ही सेवा. परिग्रह सांभाळावा लागतो तो असा.

निर्णयापूर्वीची एक तपासणी

ज्यांच्याकडे कॅमेरा आधीच आहे, त्यांना अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत तारीख, पल्ला, एफ-आकडा, शटर-वेग आणि आयएसओ यांची नोंद आपोआप जतन होते. ही कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली रोजकीर्द आहे. गेल्या वर्षभरातील, कुटुंबाने जपून ठेवलेली शंभर छायाचित्रे काढावीत आणि त्यांची नोंद पाहावी. त्यांतील बहुतेक २४ ते ७० मिमीच्या दरम्यानची आणि दिवसा घेतलेली असतील, तर व्यावसायिक झूमची गरज केवळ मनात आहे. बरीच छायाचित्रे आयएसओ ३२०० च्या वर गेलेली आणि हालचालीमुळे पुसट झालेली असतील, तर ती गरज खरी आहे. मग अशा प्रसंगांचे दिवस मोजून वरील हिशेबात घालावेत. वर्षाला पंचवीस दिवस भरले, तर लाखाची लेन्सही महाग नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. पारण्याच्या वेळी रसाचे पात्र ज्या नातवाने धरायचे, तोच कॅमेऱ्यामागे उभा राहिला, तर छायाचित्र उत्तम येईल, पण त्यात तो नसेल. अशा दिवशी लेन्सबरोबर ती चालवणारा माणूसही एका दिवसासाठी बोलवावा किंवा मित्राच्या हाती कॅमेरा द्यावा. आजीने वर्षभर वाट पाहिलेली असते ती घरच्या माणसाच्या हातच्या रसाची.

सारांश तीन ओळींत मांडता येतो. यात्रेसाठी आणि रोजच्या घरगुती वापरासाठी हलकी प्रवासी झूम, ती वर्षभर फिरणार असेल तर स्वतःची. पारणे, दीक्षा, विवाह यांसारख्या मोजक्या प्रसंगांसाठी एफ/२.८ ची व्यावसायिक झूम, भाड्याची. पेढीसाठी पेढीच्या कामाची मॅक्रो लेन्स, पेढीच्या वहीत लिहिलेली. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्याजवळच्या वस्तूंची मर्यादा आधी ठरवतो आणि मग बाजारात जातो. कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीही तोच क्रम ठेवला, तर खिशाला आणि खांद्याला दोन्हीकडे हलके वाटेल.